अंबाड्यातल्या पिना

नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला, जिन्याखालून डावीकडे वळलं की एक लांबट खोली लागायची. आत फळ्यांवर त्रेसष्ट लाकडी डोकी ओळीनं मांडलेली आणि प्रत्येक डोक्यावर एकेक टोप. काळे, पिकलेले, कुरळे, दोन राजांचे, एक वेड्याचा आणि म्हाताऱ्यांचे तर विचारूच नका. नवखा माणूस दार उघडून आत डोकावला की दचकायचाच. टोपमावशी मात्र सकाळी कुलूप काढून आत आली की पिशवी ठेवायच्या आधी या मंडळींची चौकशी करायची.

"काय, झोपा झाल्या का नीट?"

सगळं नाट्यगृह तिला मावशी म्हणायचं. तिच्याहून बारा वर्षांनी थोरले असलेले व्यवस्थापकसुद्धा. वय पंचेचाळीस, तोंड सदा चालू, आणि टोपांच्या बाबतीत ती कुणाच्या बापाला ऐकायची नाही. नायकानं एकदा खेळ संपल्यावर टोप काढून खुर्चीवर भिरकावला, तेव्हा तिनं त्याची अशी काही हजेरी घेतली की तो पुढे महिनाभर टोप दोन्ही हातांत धरून, परीक्षेची उत्तरपत्रिका द्यावी तसा तिच्यापुढे आणून ठेवत होता. "अहो, केस आहेत ते, मोजे नाहीत!" हे वाक्य त्या इमारतीत सगळ्यांना पाठ होतं.

तिचे नियम ठरलेले. केस विंचरायचे ते टोकाकडून. गुंता लागला तर त्याच्या वर मुठीत धरायचं आणि खालून हळूहळू सोडवायचा. ओला टोप पिळायचा नाही, फडक्यानं खसाखसा पुसायचा नाही, नुसता टिपायचा आणि सावलीत वाळवायचा. पुरता वाळल्याशिवाय कुणाच्या डोक्यावर चढवायचा नाही. सलग दोन खेळ झाले की त्याला एक दिवस सुट्टी. कंगवे आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात. आणि सगळ्यात कडक नियम आतल्या जाळीचा. टोपाचे केस ज्या बारीक जाळीवर विणलेले असतात ना, तिला चोळायचं नाही. धुवायचे ते केस, जाळीवरून पाणी गेलं तर गेलं. जाळी फाटली की टोप गेला. सत्तावीस वर्षं मावशीनं आपल्या बोटांना हेच शिकवलं होतं.

आता एवढी केसांची जाणकार बाई, तर तिचे स्वतःचे केस कसे असतील? खोटं कशाला बोला, त्यांचे हाल कुत्रा खात नव्हता. साडेसातची बस गाठायची म्हणून सकाळी डोक्यावरून पाणी, ओल्या केसांवर टॉवेलचा मारा, वरून खाली कंगव्याचे चार हिसके, की घातला अंबाडा. तोही इतका घट्ट की भुवया वर ओढल्या जायच्या आणि दिवसभर तिचा चेहरा जरा चकित दिसायचा.

आणि त्या अंबाड्यात पिना. टोप बसवताना दोन्ही हात गुंतलेले. मग पिना ठेवायच्या कुठे? तोंडात धरल्या तर बोलता येत नाही, आणि न बोलता काम करणं मावशीच्या कुंडलीतच नव्हतं. म्हणून त्या अंबाड्याच्या मुळाशी, उजव्या बाजूला. खोच, काढ, परत खोच. सकाळी दहा असायच्या, संध्याकाळी वीस-पंचवीस. घरी गेल्यावर नवरा म्हणायचा, "अगं, तुला मिठी मारायची म्हणजे साळिंदराला मारायची." ती म्हणायची, "मग मारू नका." झालं.

हे सगळं वर्षानुवर्षं सुखानं चाललं होतं. पण एका सकाळी वरून आवाज आला.

वरून म्हणजे खरोखरच वरून. रंगमंचाच्या डोक्यावर एक लोखंडी पूल होता आणि त्यावर दिवे सांभाळणारा माणूस दिवसभर मुक्काम ठोकून असायचा. त्याला सगळे 'वरचे' म्हणत. उन्हाळा असो की थंडी, त्याच्या डोक्यावर एक जाड लोकरीची टोपी, कानापर्यंत ओढलेली. चहापुरता काय तो खाली उतरायचा. माणसं त्याला चेहऱ्यांवरून कमी आणि टाळूंवरून जास्त ओळखू यायची. रस्त्यात समोर आलेल्या माणसाला तो म्हणे ओळखत नसे, त्यानं खाली वाकून बुटाची नाडी बांधली की मग, "अरे, तू होय!"

नवं नाटक बसत होतं. दिव्याचा झोत नेमका पाडायचा तर खाली खुणेवर कुणीतरी उभं राहावं लागतं. नटमंडळी सकाळी नऊला कुठली यायला! म्हणून मावशी उभी राहायची.

"मावशी, एक पाऊल मागे. थोडं डावीकडे. तिथेच." मग वर बराच वेळ शांतता. "मावशी, तुमच्या डोक्याला काही लागलंय का?"

"कुठे?"

"मागे. अंबाड्याच्या जरा वर, उजवीकडे. दिवा चमकतोय तिथे."

"तुमचं आपलं काहीतरीच, वरचे," असं म्हणून तिनं हसण्यावारी नेलं. पण खोलीत येताच तिनं कडी लावली, एक आरसा पुढे धरला, एक मागे. कोटाच्या मोठ्या बटणाएवढा गुळगुळीत ठिपका होता. एकही केस नाही. तिनं त्यावर बोट टेकवून पाहिलं.

चाई! तिच्या मनात पहिला शब्द हाच आला. डोक्याला चाई पडते, ती पसरते, एकाची दुसऱ्याला लागते, असं लहानपणापासून ऐकलेलं. आणि तिचे हात तर दिवसाकाठी पंधरा जणांच्या डोक्यांना लागत होते.

तुम्ही म्हणाल, एवढं घाबरण्यासारखं काय आहे त्यात? तर याच इमारतीत आठ वर्षांपूर्वी एक रंगभूषा करणारे गृहस्थ होते. हात असा की तरण्याचा म्हातारा बोलता बोलता करावा. कसल्याशा स्वस्त रंगानं त्यांच्या बोटांवर चट्टे उठले. कुणी काही बोललं नाही हो. फक्त एकानं स्वतःचा स्पंज आणला, मग दुसरीनं स्वतःची पेटी आणली. मग त्यांच्या खुर्चीत कुणी बसेनासं झालं. त्यांना कुणी काढलं नाही; रिकाम्या खुर्चीमागे दोन महिने उभे राहून एके दिवशी ते आपले आपणच गेले. मावशीनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि आता तिला तिची खुर्ची दिसायला लागली. टोपांच्या खोलीतली, आरशासमोरची, रिकामी.

मग तिनं तेच केलं जे टोपवाल्या बाईलाच सुचेल. फळीवरच्या डब्यातून एक काळाभोर खोटा अंबाडा काढला, स्वतःच्या अंबाड्यावर बसवला आणि आठ पिनांनी गच्च ठोकला. ठिपका झाकला गेला. आरशात पाहिलं तर केस कसे भरगच्च दिसत होते. त्या दिवशी दोघी-तिघींनी विचारलंही, "मावशी, कुठलं तेल लावता हो?" मावशी गोड हसली आणि आतल्या आत मेल्याहून मेल्यासारखी झाली.

खोट्या अंबाड्याखाली घाम साचायचा. खाज सुटायची. खाजवायला जावं तर पिना. दीड महिन्यात बटणाची बशी व्हायची वेळ आली.

पकडलं ते नवऱ्यानं. तो एका चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या कामाला होता, त्यामुळे त्याची नजर मोठी चिकित्सक. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर लग्नाच्या पाचव्या वर्षापासून एक केस नव्हता, हा भाग वेगळा. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती केस पुसत असताना तो मागे येऊन उभा राहिला.

"हे काय गं?"

तिनं झटकन टॉवेल ओढला. "काही नाही. तुम्हाला काय कळतंय त्यातलं!"

"टकलातलं मला नाही कळणार तर कुणाला कळणार?" त्यानं तिला खिडकीशी ओढत नेलं, दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ पाहत राहिला. "अगं, हे माझ्यासारखं नाही. इथे कडेला बारीक खुंट आहेत, तुटल्यासारखे. उद्या दवाखान्यात जायचं."

"आणि तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर?"

"तर सांग, नवऱ्याच्या टकलाचं औषध घ्यायला आले." यावर तिला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. सगळं भडाभडा बाहेर पडलं; चाई, खोटा अंबाडा, ते रंगभूषावाले गृहस्थ, ती खुर्ची. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "तू आधी डॉक्टरांना दाखव. खुर्चीचं नंतर बघू."

डॉक्टरीणबाई तरुण होती, मावशीच्या मुलीच्या वयाची म्हणा ना. तिनं आधी खोटा अंबाडा काढायला लावला, मग खरा. पिना काढून एका पसरट भांड्यात टाकत गेली. टण, टण, टण. शेवटी तिनंच विचारलं, "काकू, या एकोणीस पिना कशासाठी?"

"कामाच्या आहेत. ठेवायला जागा नसते ना."

"म्हणून डोक्यात?"

"बाकी कुठे ठेवणार?"

डॉक्टरीणबाईनं ठिपका भिंगाखाली पाहिला, चिमटीत कडेचे केस धरून पाहिले आणि हात धुऊन समोर येऊन बसली. "ही चाई नाही. आणि असती तरी ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. लागतो तो बुरशीचा रोग, त्याच्या खुणा वेगळ्या, तोही नाही. हे केस तुम्ही ओढून काढलेत, काकू. रोज तोच घट्ट अंबाडा, त्याच जागी पिनांचा ताण, ओले केस बांधायचे, वर झाकण. मुळं किती सहन करणार? पण अजून ती शाबूत दिसतात. वेळेवर आलात."

"मग औषध?"

"आधी मला सांगा, टोपांची निगा कशी राखता?"

आता हा विषय काढल्यावर मावशी काय थांबते! टोकाकडून विंचरणं, गुंता वरून धरणं, न पिळणं, सावली, सुट्टी, कंगवे धुणं, सगळं एका दमात सांगितलं. बोटं हवेत नाचत होती. डॉक्टरीणबाई हसू दाबत ऐकत होती.

"आणि हे सगळं स्वतःच्या केसांना किती वेळा करता?"

मावशीची बोटं हवेतच थांबली.

"डोकं कसं धुता, ते करून दाखवा बरं," डॉक्टरीणबाई म्हणाली.

मावशीनं दाखवलं. केस पुढे घेतले, तळहातांत धरून खालपर्यंत अलगद चोळले. टाळूला बोट लावलं नाही.

"आणि टाळू?"

"ती चोळायची नाही ना. जाळी..." आणि तिचं तिलाच ऐकू आलं.

दोघी एकदमच हसायला लागल्या. इतक्या, की बाहेर बसलेल्या नवऱ्यानं दार ढकलून आत पाहिलं. सत्तावीस वर्षं मावशी आपल्या डोक्याला जाळी समजून धूत होती!

"काकू, अर्धं तुम्हाला येतंच आहे," डॉक्टरीणबाई डोळे पुसत म्हणाली. "टोपाला जपता तसं स्वतःला जपा. राहिलेलं अर्धं टोपाला नसतं, ते म्हणजे टाळू. ती जिवंत आहे. तिला बोटांनी चोळायचं, नखांनी नाही, रोज पाच मिनिटं. धुताना पाणी कोमट. केस पुरते वाळल्यावरच बांधायचे, तेही सैल. भांग आणि अंबाड्याची जागा बदलत राहायची. घरी आल्यावर मोकळे सोडायचे. कंगवा आपला आपल्यापुरता, उशीचा अभ्रा स्वच्छ. यातलं दुकानात काही मिळत नाही, सगळं फुकट आहे. तीन महिन्यांनी या. फरक दिसला नाही तर मग औषधाचं बघू." तिनं कागदावर चार ओळी लिहून दिल्या. "आणि हा खोटा अंबाडा आजपासून बंद."

इथे मावशीनं अर्ध्यापुरतंच ऐकलं. घरी सगळं इमानेइतबारे सुरू झालं. पंधरा मिनिटं आधी उठायची, कोमट पाण्यानं डोकं धुवायची, टिपून खिडकीशी वाळवायची. पहिल्या दिवशी टाळूवर बोटं फिरवली तेव्हा तिला चोरटं वाटलं. चौथ्या दिवशी डोळेच मिटले. नवरा म्हणाला, "माझंही चोळ की जरा," तर म्हणाली, "तिथे चोळायचं नाही, पुसायचं." पण नाट्यगृहात शिरण्याआधी, मागच्या दाराशी, ती तो काळा अंबाडा डोक्यावर चढवायचीच. नाटक पार पडू दे, मग काढीन, असं तिनं मनाला बजावलं होतं. पिनांसाठी मनगटाला एक फडकं गुंडाळलं, तेवढाच काय तो फरक.

नाटकाचा पहिला खेळ दुपारचा होता. प्रेक्षागृह भरलेलं. तिसऱ्या अंकात बाईंना, म्हणजे मुख्य नटीला, चाळीस सेकंदांत तीस वर्षांनी म्हातारं व्हायचं होतं. बाई काळोखात विंगेत यायच्या, स्टुलावर बसायच्या. काळा टोप उतरवायचा, पांढरा चढवायचा, त्यावर पांढरा अंबाडा वेगळा लावायचा, की झाल्या म्हाताऱ्या. तालमीत मावशीनं हे छत्तीस सेकंदांत करून दाखवलं होतं.

त्या दुपारी बाई आल्या, बसल्या. काळा उतरला, पांढरा चढला. मावशीनं मनगटाला हात लावला तर फडकं नाही. कुठे सुटून पडलं देव जाणे. मग सत्तावीस वर्षांची सवय धावून आली. हात आपसूक मागे गेला, अंबाड्यात शिरला आणि चार पिना घेऊन आला. एक, दोन, तीन, चार. परत गेला, आणखी चार. आणि आता अंबाडा, म्हणून चाचपडलं तर तो हाताशीच, खांद्यावर घरंगळून आलेला. "असा वेळेवर सापडावा!" असं पुटपुटत तिनं तो बाईंच्या डोक्याला ठोकला, पाठीवर थाप मारली आणि बाई उजेडात गेल्या.

मावशीनं सुस्कारा सोडला. मग पायाशी काहीतरी लागलं. वाकून पाहिलं तर तबकात पांढरा अंबाडा जसाच्या तसा बसलेला.

तिचा हात स्वतःच्या डोक्याकडे गेला. तिथे काही नव्हतं.

रंगमंचावर मुलाचं काम करणारा नायक गहिवरून म्हणत होता, "आई, किती पिकलीस गं!" बाई संथपणे वळल्या आणि प्रेक्षकांकडे पाठ करून खिडकीपाशी गेल्या. पुढून पांढऱ्याशुभ्र, मागे काळाभोर गोळा. प्रेक्षागृहात आधी खुसखुस आणि मग हास्याचा लोट. बाई मुरलेल्या. त्यांनी मागे हात लावून चाचपलं, क्षणभर थांबल्या आणि मान वळवून म्हणाल्या, "पुढून झाले रे म्हातारी. मागून अजून व्हायचीय." टाळ्यांचा कडकडाट झाला. विंगेत मावशी मात्र घाईघाईनं डोक्याला रुमाल गुंडाळत होती.

खेळ संपला तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. टोपांच्या खोलीत सगळे जमले. व्यवस्थापक, नायक, बाकीची मंडळी, आणि मध्ये बाई, हातात तो काळा अंबाडा. दाराशी वरचेही येऊन उभे, टोपी कानापर्यंत.

"मावशी, हा कुठला?" व्यवस्थापकांनी विचारलं. "डब्यांची सरमिसळ झाली का?"

सुटायला वाट आयती समोर आली होती. हो म्हटलं असतं तर दोन शब्द ऐकून घ्यावे लागले असते, बाकी काही नाही. तिनं तोंड उघडलंही. पण बाई अंबाडा तळहातावर तोलत म्हणाल्या, "हा गरम होता गं. डब्यातला नव्हे, डोक्यावरचा."

मावशीनं एकवार सगळ्यांकडे पाहिलं. दोन महिने रोज मागच्या दाराशी चोरासारखं उभं राहून ती थकली होती. तिनं रुमाल सोडला आणि पाठ फिरवली.

नायकानंच आधी, "बाप रे, चाई!" असं म्हणून एक पाऊल मागे घेतलं. त्या एका पावलाचा आवाज मावशीनं पाठमोरी असूनही ऐकला. तिनं पिशवीतून डॉक्टरांचा कागद काढून व्यवस्थापकांच्या हातात दिला. काय झालं, कसं झालं, सगळं सांगितलं. जाळीचं सांगितलं तेव्हा कुणीतरी फिस्सकन हसलं, तेवढंच.

"कागदावर तर 'संसर्ग नाही' असं स्वच्छ लिहिलंय," व्यवस्थापक म्हणाले. तरी नायकाचा हात आपल्या डोक्यावरच्या टोपाकडे गेलेला. "माझा मी काढतो," तो म्हणाला.

झालं, मावशीला वाटलं. असंच सुरू होतं. आधी स्पंज, मग पेटी.

तेवढ्यात बाई पुढे झाल्या. खुर्ची त्यांनी स्वतः ओढली, आरशासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "ए, उभी काय राहिलीस? उतरव माझा. का आता मी माझ्या हातानं काढू या वयात?"

मावशी पुढे आली. पिना काढल्या, टोप उचलून लाकडी डोक्यावर ठेवला. खाली बाईंचे स्वतःचे केस घामानं चिकटलेले, आणि कपाळाच्या दोन्ही बाजूंनी चांगले दोन-दोन बोटं मागे सरकलेले.

"बघ," बाई आरशात तिच्याकडे बघत म्हणाल्या. "तीस वर्षं टोप घालतेय. मी कुणाला दाखवलंय का कधी? मला वाटायचं, वयाचा दोष. काय म्हणाली ती तुझी डॉक्टरीण? बोटांनी ना? मग कर की."

सत्तावीस वर्षांत मावशीनं शेकडो डोकी हाताळली होती, पण त्यांतल्या एकालाही खरा हात लावला नव्हता. तिनं बोटं बाईंच्या केसांत घातली आणि टाळूवर हळूहळू फिरवायला लागली. बाईंचे खांदे उतरले. डोळे मिटले. थोड्या वेळानं त्या नुसतं "आई गं" एवढंच म्हणाल्या, आणि ते नाटकातलं नव्हतं. मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"बाई, उरका की," मागून एका नटीनं हाळी दिली. "आमची पण डोकी आहेत."

त्या दिवसापासून खोलीत नवे नियम लागले. ओल्या केसांवर टोप मिळणार नाही, मग कोण का असेना. टोप उतरला की पाच मिनिटं बोटं फिरवल्याशिवाय घरी जायचं नाही. ज्याचा त्याचा कंगवा. तो काळा अंबाडा मावशीनं एका जाड कापडात शिवून टाकला आणि त्याची पिना खोचायची उशी केली. ती मनगटाला अशी बांधली की सुटायचं नाव नाही. नायक आठवडाभर स्वतःचा टोप स्वतः काढत राहिला. आठव्या दिवशी तो येऊन खुर्चीत बसला आणि छताकडे बघत म्हणाला, "मला आज जरा घाई आहे." मावशीनंही काही ऐकवलं नाही. फक्त बोटं पाचाऐवजी सहा मिनिटं फिरवली.

चार महिन्यांनी पुढच्या नाटकाचे दिवे लावायला सुरुवात झाली. सकाळचे नऊ. मावशी खुणेवर उभी. केस सैल, मानेवर एक ढिली गाठ, भांग आज डावीकडे.

"एक पाऊल मागे, मावशी. तिथेच."

मग वर शांतता. मागच्यासारखीच, लांबलचक.

"काय झालं, वरचे? बोला की!"

"चमकत नाही," वरून आवाज आला.

"दिवा बिघडला का?"

"दिवा ठणठणीत आहे. चमकायला जागाच राहिली नाही."

तिनं हात मागे नेला. रोज सकाळी बोटांना तिथे आधी लव लागायची, मग मऊ खुंट; आज बोटं केसांतून आरपार गेली. ती तशीच झोतात उभी राहिली, चेहऱ्यावर हसू मावेना. आरशानं आणि नवऱ्याच्या भिंगानं केव्हाच सांगितलं होतं, पण वरच्यांनी सांगितल्यावर ते खरं झालं.

लोखंडी शिडी वाजायला लागली. चहाची वेळ नव्हती, तरी वरचे खाली उतरत होते. ते रंगमंच ओलांडून आले, तिच्यापासून दोन हातांवर थांबले आणि जमिनीकडे बघायला लागले. इतकी वर्षं सगळ्यांच्या टाळूंचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाची टाळू आजवर कुणी पाहिली नव्हती. त्यांचा हात कानापाशी गेला, खाली आला, परत गेला. मग त्यांनी ती लोकरीची टोपी ओढून काढली.

"मावशी," ते म्हणाले, "तुमच्या खुर्चीत जरा बसलो तर चालेल का?"

मावशीनं त्यांच्या डोक्यावरच्या विरळ, घामानं चिकटलेल्या केसांकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं.

"चालेल म्हणजे काय, धावेल," ती म्हणाली. "पण ती टोपी आधी धुऊन आणा."